मालकाची जीभ

घाडग्यांच्या लॅब्रेडॉरच्या पंजातून डॉक्टर वृंदा पिसाळने काबुली चणा काढला आणि टेबलावर ठेवला. चणा कच्चा होता, चांगला टणक होता, आणि दोन बोटांच्या बेचक्यातून हलू नये म्हणून त्यावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावलेली होती. उपनिबंधक कार्यालयातल्या तीस वर्षांत या माणसाने एखाद्या गरिबाच्या कागदासाठी एवढी मेहनत घेतली असती, तर सातारकरांनी त्याचं नाव चौकाला दिलं असतं.

"हे काय आहे, घाडगेसाहेब?"

"अरेच्चा! सकाळी फिरायला नेलं होतं. रस्त्यात कुठंतरी रुतलं असंल."

"चिकटपट्टीसकट?"

घाडग्यांनी खिडकीबाहेर पोवई नाक्याची रहदारी बघितली. लॅब्रेडॉर पंजा चाटत बसला. त्याला चार मीटरच्या चालपटावरून दोनदा चालवून झालं होतं आणि दोन्ही वेळा तो झकास लंगडला होता. चालपट प्रत्येक पायाचा भार मोजतो, सांध्यांतला आवाज ऐकतो आणि पडद्यावर निकाल लिहितो. पण पंजात हरभरा आहे की संधिवात, हे त्याला कळत नाही. त्यासाठी खाली वाकून पंजा हातात घ्यावा लागतो.

"डॉक्टर, मशीन सगळं बघतंय की. तुमची फक्त सही."

"जीभ दाखवा."

"त्याची?"

"तुमची."

वृंदाने खणातून लाळेची पट्टी काढली. पावलीन, म्हणजे कुत्र्यांच्या सांधेदुखीची गोळी, पोटात गेलेली असेल तर ही पट्टी निळी होते, नसेल तर पांढरीच राहते. कंपनीने ती कुत्र्यांसाठी काढली होती. ती मालकांच्या तोंडात घालायची पद्धत मात्र वृंदाची स्वतःची.

"मी काय कुत्राय का?" घाडगे उखडले.

"नाही ना. कुत्रा असता तर मी चिठ्ठी लिहिली असती."

घाडगे पट्टा ओढत निघाले. दारात थांबून त्यांनी जाता जाता टोला हाणलाच. "सगळ्यांच्याच घरात डॉक्टर नसतो बरं का मॅडम! तुमचे वडील परवा गडाच्या चढाला आमच्या पुढं पळत होते. पंच्याहत्तरीचा माणूस!"

वृंदाला त्याचा रागही आला आणि थोडा अभिमानही वाटला. तिने चणा उचलून लोणच्याच्या जुन्या बरणीत टाकला. बरणीत खडे होते, शर्टाची बटणं होती, सुपारीची खांडं होती, आणि एका भाविकाने तर चक्क जपमाळेतला रुद्राक्ष वापरला होता. हा ऐवज एकविसावा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून बरणी मुद्दाम दर्शनी ठेवलेली होती.

पावलीन ही काही अमृताची गोळी नव्हती. सांध्यातली कूर्चा झिजली की तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात, आणि त्या प्रथिनाच्या हाकेला ओ देऊन वेदनेचे नवे मज्जातंतू त्या जागी फुटतात. म्हणून जुना गुडघा इतका बोंबलतो. पावलीन त्या प्रथिनाचं तोंड बंद करते. दुखणं थांबतं, झीज थांबत नाही. कुत्र्याला हे चालून जातं. त्याचं यकृत गोळीचा एका दिवसात निकाल लावतं, त्याचा भार चार पायांवर वाटलेला असतो, आणि उरलेली दोनतीन वर्षं त्याने सुखात काढावीत एवढीच अपेक्षा असते.

माणसाच्या यकृताला ही गोळी पचवायची युक्ती येत नाही. अर्धी गोळी बाहेर टाकायला त्याला बारा दिवस लागतात आणि तोवर आणखी अकरा गोळ्या येऊन बसलेल्या असतात. माणसांवरच्या चाचण्या सहाव्या महिन्यात बंद केल्या. ज्यांचं दुखणं गेलं ते पळायला लागले, आणि पळता पळता त्यांच्या गुडघ्यातल्या हाडाचा आतून भुगा झाला. कुणाला काही कळलं नाही, कारण कळवणारी नसच मुकी झाली होती. म्हणून कायदा झाला: पशुवैद्याने जनावर प्रत्यक्ष तपासून चिठ्ठी दिल्याखेरीज पावलीन कुणाला विकायची नाही, आणि चिठ्ठी दर तीन महिन्यांनी नवी घ्यायची.

यावर आमच्या शहाण्या माणसांनी काय करावं? त्यांनी कुत्री पाळली. ज्यांनी जन्मात दारातल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला नव्हता, ते वर्तमानपत्रात जाहिराती देऊ लागले: म्हातारं कुत्रं पाहिजे, वजनदार असल्यास उत्तम. वजनदार अशासाठी की डोस वजनावर ठरतो. एक कुत्रं दोघांच्या नावावर चालू नये म्हणून सरकारने नाकाच्या ठशाची नोंद सक्तीची केली, तेव्हा दोघांनी दोन कुत्री आणली. धडधाकट कुत्री लंगडावीत म्हणून पंजात खडे बसवले, आणि खरोखर लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या गोळ्या मालकांनी चहाबरोबर घेतल्या. कुत्रं तक्रार करत नाही. दुखणं लपवायचं हे त्याच्या रक्तातच असतं, कारण कळपात लंगडं दिसणं म्हणजे मरण. या एका गुणावर सगळ्या गावाने आपले गुडघे चालवले होते, आणि वृंदाला त्या गावाची मनापासून किळस आली होती.

रविवारी ती नेहमीप्रमाणे शाहूपुरीत वडिलांकडे जेवायला गेली. प्रल्हाद पिसाळ म्हणजे शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक. शाळेच्या मैदानावर पडून रडणाऱ्या पोरांना त्यांनी पस्तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली होती, "रडतोस काय, चाल!" आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. म्हणजे अगदी एकटे नाही. आईने आणलेली बुंदी होती. अंगभर ठिपके असलेली, चौदा वर्षांची गावठी कुत्री. दोन वर्षांपूर्वी तिचा मागचा पाय लंगडायला लागला, वृंदाने तिला चालपटावर रीतसर चालवलं आणि पावलीन सुरू केली.

पप्पा मटणाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून अक्षरशः उड्या मारत आले.

"अठ्ठावीसला गाडी घेऊन वर ये. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा कार्यक्रम आहे. पंच्याहत्तरी पूर्ण करून जो चाळीस मिनिटांच्या आत गड चढेल त्याला फेटा, शाल, श्रीफळ. आत्तापर्यंत कुणी चढलेलं नाही."

"मंडळाचे सेक्रेटरी ते घाडगेच ना?"

"तोच. जळतो माझ्यावर. बरं, बुंदीची गोळी संपत आलीय. तेवढी चिठ्ठी टाक."

वृंदाने डाव्या हाताने फोन काढला. पहिल्या चिठ्ठीनंतर हे तिने सात वेळा केलं होतं, इथेच, याच टेबलावर, जेवताना. पडद्यावर ठरलेली ओळ यायची, 'मी या जनावराला प्रत्यक्ष तपासले आहे', आणि ती त्यापुढच्या चौकटीत बोट टेकवायची. घरच्याच कुत्रीला काय तपासायचं? बोट आत्ताही चौकटीकडे निघालं होतं.

तेवढ्यात पप्पांनी नळी चोखून बुंदीच्या दिशेने टाकली. ती बुंदीपासून दोन हातांवर पडली. नळीसाठी एके काळी या कुत्रीने खुर्च्या पाडल्या होत्या. आज तिने जिन्याखालच्या पोत्यावरून मान उचलली, नळीकडे पाहिलं, शेपूट दोनदा आपटलं आणि मान परत खाली ठेवली.

"ती उठत का नाही?"

"वय झालं तिचं."

वृंदाही गेले कित्येक रविवार हेच म्हणत आली होती. ती हात धुऊन जमिनीवर बसली. बुंदीचा मागचा पाय तिने हळूच सरळ करायला घेतला. मांडीचा स्नायू पार विरघळलेला होता आणि सांधा लाकडासारखा झाला होता. बुंदी ओरडली नाही, गुरगुरली नाही. तिने वृंदाचा हात चाटला आणि चाटतच राहिली. दुखणं असह्य झालं की कुत्रं असं चाटतं, हे वृंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून जाणून होती.

तिने बॅगेतून पट्टी काढून बुंदीच्या ओठाखाली धरली. पट्टी पांढरी राहिली. आणखी दोन मिनिटं झाली, तरी पांढरीच.

वृंदाने दुसरी पट्टी फाडली.

"पप्पा, जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ."

सगळ्या शाळेला सावधान-विश्राम करायला लावणाऱ्या त्या माणसाने एकदा पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुमान जीभ काढली. पट्टी निळी व्हायला दहा सेकंदही लागले नाहीत. निळी म्हणजे शाळेच्या शाईसारखी गर्द.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासूनच," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, थोडी गैरसोय होती एवढंच. "अगं, तिला कुठं गड चढायचाय? खाते, झोपते. वाया जात होती गोळी."

"आईची कुत्री आहे ती."

"मग मी कोण आहे?"

या प्रश्नाला वृंदाकडे उत्तर होतं, पण ते बापाला देण्यासारखं नव्हतं. तिने बुंदीसाठी दुसरं, साधं वेदनाशामक काढलं, तिच्या तोंडात घातलं, गोळ्यांचा डबा उचलून बॅगेत टाकला आणि वडिलांना सांगितलं, "उद्या दहा वाजता दवाखान्यात या."

ते आले. स्वतःची तब्येत दाखवायची हौस होतीच. वृंदाने बाहेरचं दार लावून घेतलं आणि त्यांना बूट काढून चालपटावरून चालायला सांगितलं. पिसाळसर छाती काढून, संचलनात चालतात तसे चालले. तसूभरही लंगडले नाहीत. चालपटाने थोडा विचार केला आणि पडद्यावर लिहिलं:

'जात: नोंद नाही. वजन: अठ्ठ्याहत्तर किलो. पुढचे पाय आढळले नाहीत. मागचा उजवा पाय: सांध्याचा आवाज श्रेणी चार, हाडाला तडे असण्याची शक्यता. जनावराला चालवू नये. पशुवैद्याला तत्काळ दाखवावे.'

पप्पा खो खो हसले. "पुढचे पाय आढळले नाहीत म्हणे!"

"खालचं वाचा. पप्पा, श्रेणी चारचं कुत्रं मी उचलून गाडीत ठेवायला लावते. तुमचा गुडघा आत खचायला लागलाय. तुम्हाला कळत नाही कारण कळायची सोयच तुम्ही बंद केलीय. हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, आजच, आणि गड बंद."

"गोळी तर तू घेऊन गेलीस. बंदच झाली की."

"बंद झाली तरी तुमच्या अंगात दोन वर्षांची साठलीय. अठरा किलोच्या कुत्रीचा डोस तुम्हाला पुरला तो याच साठ्यावर. महिना उलटेल तरी रक्तातून जाणार नाही."

पप्पांनी बुटाची नाडी बांधता बांधता हिशेब केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे अठ्ठावीसला दुखणार नाही ना? मग झालं."

या माणसाच्या खांद्यावर बसून आपण जत्रा बघितली, आणि तो असा निघावा! वृंदाला त्या क्षणी त्यांचा जेवढा तिटकारा आला तेवढा घाडग्यांचाही कधी आला नव्हता. घाडग्यांनी निदान चणा लपवायचे कष्ट तरी घेतले होते.

पप्पांना अडवायचा एकच मार्ग होता. मंडळाच्या सेक्रेटरीला फोन करायचा आणि सांगायचं की पिसाळसर कुत्र्याच्या औषधावर चढतायत, त्यांचं नाव काढा. मंडळ घाबरट होतं. त्याच संध्याकाळी नाव काढलं असतं. पण घाडग्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? चिठ्ठ्या कुणी लिहिल्या? मग हा माणूस तोंडभर हसला असता, आणि ते हसू संध्याकाळपर्यंत राजवाडा चौपाटीवर पोचलं असतं. पशुवैद्यक परिषदेचं पत्र त्यानंतर आलं असतं.

वृंदाने तीनदा घाडग्यांचा नंबर काढला आणि तिन्ही वेळा फोन उपडा ठेवला. पप्पांना ती रोज समजावत राहिली, ओरडली, एकदा रडलीसुद्धा. हाडांच्या डॉक्टरकडे ते गेले नाहीत. मात्र घाडग्यांना तिने फोन केला नाही. सतरा दिवस तिच्या हातात होते आणि ते तिने असे घालवले.

अठ्ठावीसला पप्पा चौतीस मिनिटांत अजिंक्यतारा चढले. मंगळाईच्या देवळापाशी मांडव होता, सनई होती, आणि घाडग्यांनी स्वतः त्यांना फेटा बांधला. भाषण झालं. पिसाळसरांचे पाय म्हणजे आजच्या पिढीला आदर्श, वगैरे. टाळ्या वाजवणाऱ्या पंचवीस म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांच्या जिभा निळ्या निघाल्या असत्या. वृंदा गाडीला टेकून उभी होती. "आता तरी गाडीतून चला," ती म्हणाली.

"फेटा बांधून गाडीतून?" पप्पा म्हणाले आणि पायवाटेने उतरायला लागले.

दुसऱ्या वळणावर घाडग्यांना ते दिसलं. सगळ्यात आधी घाडग्यांनाच.

"सर, थांबा. सर! पाय बघा तुमचा."

"काय झालं पायाला?"

"वाकडा पडतोय ओ! बाहेरच्या बाजूला वळलाय!"

"कुठं काय, दुखत तर नाही," असं म्हणत पप्पांनी आणखी पावलं टाकली. अकरा टाकली. वृंदा वरून धावत आली तोवर त्यांच्या उजव्या पायाचा चवडा शेजारच्या झुडपाकडे बघत होता, आणि फेट्याखालचा चेहरा अजून सत्काराचा होता. मग ते खाली बसले. बसले म्हणजे पायच उरला नाही. आपल्या पायाकडे ते परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसे बघत राहिले आणि पहिल्यांदा घाबरले.

"वृंदा," ते म्हणाले, "मला काहीच कळत नाहीये गं."

हाडाचे इतके तुकडे झाले होते की सर्जनने मोजायचं सोडून दिलं. गुडघा बसवण्याजोगं खाली काही उरलंच नव्हतं, म्हणून पाय सरळ ठेवून सांधा कायमचा जखडून टाकला. औषध उतरायला पुढे पाच आठवडे लागले आणि मग दोन वर्षांचं राहिलेलं दुखणं एकदम आलं. पस्तीस वर्षं पोरांना 'रडतोस काय' विचारणारे पिसाळसर उशीत तोंड खुपसून रडले.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी, इस्पितळाच्या बाकावर बसून, वृंदाने परिषदेला पत्र लिहिलं. आठ चिठ्ठ्यांच्या तारखा दिल्या आणि पुढे लिहिलं की पहिली सोडली तर यांपैकी एकाही वेळी मी जनावराला हात लावलेला नाही. परिषदेने तिचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. दवाखान्याला कुलूप लावताना तिने ती बरणी पिशवीत घातली. दर्शनी ठेवायचा हक्क आता तिचा नव्हता.

बुंदीला मात्र पावलीन हवीच होती. साध्या वेदनाशामकावर तिची मूत्रपिंडं किती दिवस काढणार? साताऱ्यात जायची वृंदाला लाज वाटली, म्हणून ती कोरेगावला डॉक्टर समीना मुलाणींकडे गेली. पप्पा कुबड्या घेऊन गाडीतच बसले. जखडलेला पाय आडवा टाकायला पुढची सीट मागे सारावी लागली होती. बुंदीला वृंदाने कडेवर घेतलं आणि हरभरेवाल्यांच्या रांगेत उभी राहिली.

डॉक्टर मुलाणी तिशीतल्या होत्या आणि गोड बोलत नव्हत्या. त्यांनी बुंदीला चालपटावर चालवलं. बुंदी लंगडली. चालपटाने निकाल लिहिला. तिकडे ढुंकूनही न बघता डॉक्टरबाई खाली बसल्या, बुंदीचा एकेक पंजा हातात घेऊन बोटं फाकवून बेचकी तपासू लागल्या, आणि मग मान वर करून त्यांनी वृंदाकडे पाहिलं. ती नजर वृंदाच्या ओळखीची होती. ती स्वतः लोकांकडे अशीच बघायची. या बाजूने ती कशी लागते हे तिला माहीत नव्हतं.

"खडा नाहीये," डॉक्टरबाई काहीशा नाराजीने म्हणाल्या. त्यांनी बुंदीच्या नाकाचा ठसा घेतला आणि पडद्यावर जुनी नोंद उघडली. "आठ चिठ्ठ्या आहेत की हिच्या नावावर. दोन वर्षं पावलीन चालू, आणि मांडीची ही अवस्था? कुठल्या डॉक्टरने लिहिल्या या?"

"मी," वृंदा म्हणाली.

डॉक्टर मुलाणींनी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. बुंदीच्या ओठाखाली त्यांनी पट्टी धरली. ती पांढरीच राहिली. मग खणातून त्यांनी दुसरी पट्टी काढली, फाडली आणि हात पुढे केला.

"आता तुमची."

बुंदी वृंदाचं मनगट चाटत होती. तिला एका हाताने घट्ट धरून वृंदाने तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.